‘मागे’ म्हणजे कुणाच्या मागे?

जून संपत आला होता. नांदेडजवळच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही काही शिक्षकांबरोबर बसलो होतो. शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. धाकट्याला तिथे सोडायला आलेली एक आई गुरुजींजवळ थांबली आणि म्हणाली, “सर, हे लेकरू लई मागं हाय बघा. माझ्या जावेची पोरगी ह्याच्याच बरोबरीची. इंग्रजी शाळेत जाती. शंभरपर्यंत धडाधडा म्हणती. ह्याला पाचाच्या पुढं येईना. काय करावं?”

लेकरू चार वर्षांचे. आईच्या पदराआडून आमच्याकडे बघत होते.

“येईल हो, घाई कशाला?” असे म्हणून गुरुजींनी तिची समजूत घातली. आपणही तिथे असतो तर हेच म्हणालो असतो. उत्तर चांगल्या मनाने दिलेले होते आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. अडचण अशी की ते क्वचित साफ चुकते, आणि चुकले की एखाद्या मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे वाया जातात. ‘येईल’ केव्हा म्हणावे आणि केव्हा म्हणू नये, हे शिक्षकाला ठाऊक असायला हवे. त्यासाठी आधी ‘मागे’ या शब्दाकडेच जरा नीट पाहू. मागे म्हणजे कुणाच्या मागे? सगळी मुले एकाच वाटेने, एकाच वेळी निघाली आहेत असे आपण धरून चालतो. ते खरे आहे का?

सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करू. बाळ केव्हा चालू लागते? कुणालाही विचारा, “वर्षाचं झालं की” हे उत्तर मिळेल. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ बाळांच्या नोंदी ठेवल्या होत्या. ही सगळी बाळे निरोगी होती आणि त्यांचे पोषण चांगले होते. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधाराशिवाय चालण्याचे सरासरी वय बारा महिन्यांच्या आसपास आले, म्हणजे आजीबाईंचे म्हणणे बरोबरच. पण त्याच नोंदींत दुसरी एक गोष्ट दिसते. सर्वांत लवकर चालणाऱ्या एक टक्का आणि सर्वांत उशिरा चालणाऱ्या एक टक्का बाळांना बाजूला ठेवले, तरी उरलेल्यांत चालण्याचे वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेले होते. निरोगी, धडधाकट बाळांमध्ये नऊ महिन्यांहून अधिक अंतर! आधाराशिवाय बसण्याचे वय असेच ३.८ ते ९.२ महिने आले. आणि शंभरातली चारेक बाळे हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती पायरी न चढताच उभी राहिली.

सरासरी वय काढले की जवळपास निम्मी बाळे त्याच्या ‘मागे’ असणारच, हे गणित शिकविणाऱ्यांना सांगायला नको. तरीही आपल्या मनात सरासरी ही शेवटची तारीख होऊन बसते. वाण्याच्या दुकानातील बिल भरायची असते तशी.

बोलण्याच्या बाबतीत तर पसारा आणखी मोठा. अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या पाहण्यांत दोन वर्षांच्या एका मुलाकडे पन्नास-साठ शब्द, तर दुसऱ्याकडे पाचशे, असे आढळले आहे. दोघांचीही वाढ ठीकच चाललेली असू शकते.

मग घरच्यांनी काही करायचेच नाही का? शिकवण्याने फरक पडतो की नाही? या प्रश्नावर १९२९ मध्ये अर्नोल्ड गेसेल आणि हेलन थॉम्प्सन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग फार गाजला. दोन जुळ्या बहिणी. त्यांतील एकीला ४६ आठवड्यांची असल्यापासून रोज थोडा वेळ जिना चढायला शिकवले. हे सहा आठवडे चालले. दुसरीला या काळात जिन्याजवळही नेले नाही. दुसरी ५३ आठवड्यांची झाली तेव्हा तिला पहिल्यांदा जिन्यापाशी सोडले, तर ती आपली आपण चढली! मग तिला दोनच आठवडे सराव दिला. ५५ व्या आठवड्यात ती जितक्या झपाट्याने चढत होती, तितके पहिलीला ५२ व्या आठवड्यात, सहा आठवड्यांच्या सरावानंतरही जमलेले नव्हते. शरीर तयार झाले की थोडक्या शिकवण्यात काम होते, असा याचा अर्थ गेसेल यांनी लावला.

एका जोडीवरून सगळ्या मानवजातीचा नियम काढणे धाडसाचेच होते. पुढच्या संशोधकांनी तो बराच मऊ केला. केनियातील किप्सिगिस समाजात आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. चार्ल्स सुपर यांना १९७० च्या दशकात असे दिसले की ही बाळे पाश्चात्त्य बाळांच्या आधी, साधारण महिनाभर आधी बसतात आणि चालतात. रांगायला मात्र कुणी शिकवत नाही, आणि रांगण्यात ती पुढे नसतात. म्हणजे सरावाने फरक पडतो, पण ज्याचा सराव त्यातच, आणि तोही शरीराच्या तयारीच्या मर्यादेत. आपल्याकडे तेल लावून बाळाचे हातपाय ओढणाऱ्या आजीलाही हे अनुभवाने ठाऊक असते. ती सहा महिन्यांच्या नातवाला चालवण्याचा हट्ट धरत नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आपल्या भागात सरावावर फार विश्वास आहे, आणि तो उगाच नाही. १९९० च्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. जादा तास, प्रश्नसंच, पुन्हापुन्हा चाचण्या. मराठवाड्यातील शेतकऱ्यांची मुले त्या वाटेने डॉक्टर-इंजिनिअर झाली, ही साधी गोष्ट नव्हे. नांदेडही पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले. पण सतरा वर्षांच्या मुलाला ज्या विषयाची समज आहे त्यात त्याला वेग आणि नेमकेपणा देणे हे त्या सरावाचे काम. तोच नुस्खा चार वर्षांच्या मुलाला लावणे म्हणजे जिन्याची तयारी नसलेल्या बाळाला सहा आठवडे जिना चढवणे. बोर्डाने गुणवत्ता यादी प्रसिद्ध करणे बंद केले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. घराघरांतील यादी मात्र चालूच आहे, आणि ती आता बालवाडीपासून लागते.

लवकर सुरू केले तर निदान नुकसान तरी नाही, असे पालक म्हणतात. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकवलेल्या आणि सातव्या वर्षी शिकवलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. याचा अर्थ मुलांना गोष्टी वाचून दाखवू नयेत असा मुळीच नाही. लवकर मिळालेली आघाडी टिकतेच असे नाही, एवढाच घ्यावा. निपुण भारत अभियानही (२०२१) पायाभूत वाचन-गणितासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा काळ धरते. हे पालकांना सांगण्याजोगे आहे. सरकारी कागदाला कधी कधी मान मिळतो!

हजेरीपट काढून पाहा

आता एक काम करून पाहा. आपल्या पहिलीच्या वर्गातील मुलांच्या जन्मतारखा हजेरीपटावरून उतरवून घ्या आणि ३० जून रोजी प्रत्येकाचे वय किती महिने होते ते लिहा. मग त्या वयाच्या क्रमाने नावे मांडा. (दाखल्यावरील तारीख खरी आहे ना, हे आधी पाहून घ्या. जुन्या पिढीत गुरुजींनी घालून दिलेल्या तारखेमुळे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असे. आता जन्मनोंदणीमुळे ही गंमत राहिलेली नाही.) यादी झाली की ज्या मुलांना आपण मनातल्या मनात ‘हुशार’ म्हणतो त्यांच्यापुढे एक खूण आणि ‘मागे’ म्हणतो त्यांच्यापुढे दुसरी खूण करा.

एकाच वर्गात ७२ महिन्यांचे मूल आणि ८३ महिन्यांचे मूल शेजारी बसलेले सापडेल. धाकट्याच्या दृष्टीने हे अकरा महिने म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. चाळिशीच्या माणसाशी तुलना करायची तर त्याच्यासमोर सेहेचाळिशीच्या जवळ आलेला माणूस बसवल्यासारखे झाले. पण चाळिशीत फरक दिसत नाही, सहाव्या वर्षी ठळक दिसतो. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्युई यांनी अनेक देशांच्या परीक्षांची आकडेवारी तपासून २००६ मध्ये दाखवले की चौथीत, शंभर मुले गुणांनुसार रांगेत उभी केली तर, वर्गातील सर्वांत लहान वयाची मुले सर्वांत मोठ्या वयाच्या मुलांच्या सरासरी ४ ते १२ जागा मागे असतात. आठवीतही हे अंतर पुरते मिटलेले नसते, २ ते ९ जागा उरतेच. वाढ भरून निघाली तरी उरलेल्या अंतरात आपण लावलेल्या खुणांचा किती वाटा असेल, हा विचार आम्हाला अस्वस्थ करतो. ज्याला पहिलीत ‘हुशार’ म्हटले त्यालाच फळ्याजवळ बोलावले जाते, त्यालाच पाठ वाचायला सांगितले जाते.

चाळीस मुलांच्या एका वर्गात हा क्रम स्पष्ट दिसेलच असे नाही. कदाचित तुमचा सर्वांत लहान विद्यार्थीच सर्वांत चलाख निघेल. तरी यादी भिंतीवर नाही, टेबलाच्या खणात ठेवावी आणि अधूनमधून पाहावी.

एकवीस आणि वीस-एक

जावेच्या मुलीकडे परत येऊ. ती शंभरपर्यंत म्हणते, इंग्रजीत. हा मुलगा मराठीत शिकतो आहे. ही दोन मुले एकच काम करीत आहेत का?

मराठीतील आकड्यांची नावे एकदा परक्याच्या कानाने ऐका. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. या प्रत्येकात ‘दोन’ आहे, पण कुठेही ‘दोन’ ऐकू येत नाही. शिवाय लिहिताना दशक आधी, म्हणताना एकक आधी. त्यात ‘एकोणतीस’ म्हटले की वीसच्या घरात राहून तिसाचे नाव घ्यायचे! इंग्रजीत वीसपर्यंतचा खडकाळ रस्ता ओलांडला की पुढे ‘ट्वेंटी वन, ट्वेंटी टू’ अशी सरळ वाट लागते. मराठी मुलाला शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे पाठ करावे लागते.

याच नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरी तेलुगू बोलणारी मुले आहेत. तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटि’ म्हणतात, म्हणजे वीस-एक. उदगीर-देवणीकडे कन्नड ऐकू येते; कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, तेही वीस-एकच. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते आपल्याला आठवत असेल. विधानसभेपर्यंत प्रश्न गेला, विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठी भाषेचे काय होणार, यावर भरपूर चर्चा झाली; सहा-सात वर्षांच्या मुलावर या नावांचे ओझे किती, यावर कमी झाली. आमच्या मते नेहमीची नावे शिकवायला हवीतच, पण शेजारी वीस-एक ठेवले तर बिघडत नाही.

हे ओझे खरेच जाणवते का? केव्हिन मिलर आणि जेम्स स्टिगलर यांनी १९८७ मध्ये चिनी व अमेरिकी मुलांच्या मोजणीची तुलना प्रसिद्ध केली. चिनी भाषेत अकरा म्हणजे दहा-एक, बारा म्हणजे दहा-दोन. दहापर्यंत म्हणण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती. फरक पडायला लागला तो दहाच्या पुढे. नावे विस्कळीत तिथेच मुले अडखळली. तेव्हा मराठी शाळेतील मूल आणि इंग्रजी शाळेतील मूल यांची ‘शंभरपर्यंत’ या एका फूटपट्टीवर तुलना करणे म्हणजे एकाने चढावर आणि दुसऱ्याने उतारावर चालवलेल्या सायकलींची शर्यत लावणे होय.

दुसरीही एक गोष्ट आहे. आकडे म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. लहान मूल ‘एक दोन तीन चार पाच’ हे एखाद्या गाण्यासारखे म्हणू शकते. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास एक साधी कृती वापरली. मुलासमोर वस्तूंचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचे, “मला तीन दे.” दहापर्यंत घडाघडा म्हणणारी अडीच-तीन वर्षांची अनेक मुले सरळ मूठभर उचलून देतात! आधी फक्त ‘एक’ कळतो. मग काही महिन्यांनी ‘दोन’. मग ‘तीन’. आणि मग कधीतरी, बहुधा साडेतीन-चारच्या आसपास, एकदम लक्षात येते की मोजताना शेवटी म्हटलेला शब्द म्हणजेच ‘एकूण इतके’. हे काम आतल्या आत चाललेले असते. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही.

‘येईल’ म्हणू नये असे प्रसंग

इथवर वाचून “म्हणजे सगळे आपोआप होते, वाट पाहा” असे कुणी समजेल तर आमचा लेख फसला. ‘मागे’ हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या मुलांना लावतो, आणि त्यांतील काहींच्या बाबतीत वाट पाहणे हा अन्याय आहे.

मुखेड, कंधार, लोहा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मूल घ्या. दिवाळीच्या सुमारास ते आईबापांबरोबर फडावर जाते, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या गतीविषयी बोलण्याआधी हजेरी पाहावी. ते मूल मंद नाही, त्याला शाळाच मिळालेली नाही. त्याला ‘आपल्या गतीने शिकेल’ म्हणणे ही आपली पळवाट होईल.

किनवट-माहूरकडे गोंडी किंवा कोलामी बोलणारे, तांड्यावरचे गोरमाटी बोलणारे, नांदेड शहरात उर्दू बोलणारे मूल मराठी शाळेत येते आणि महिनोन्महिने गप्प बसते. नवी भाषा कानांनी साठवण्याचा हा काळ असतो. आईला एवढेच विचारावे: घरी, भावंडांत, कसे बोलते? तांड्यावर ते गोष्टी सांगत असेल, भांडत असेल, तर बोलण्यात दोष नाही. शिकवणाऱ्याने त्याचे दहा शब्द शिकून घेतले तर गप्प राहण्याचा काळ कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

आणि घरीही बोलत नसेल तर? तिथे “येईल हो” म्हणू नये. मागून हाक मारली तर वळत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते, कान सारखा वाहतो, अशा मुलाचे कान तपासलेच पाहिजेत. बहिरेपणा उशिरा कळला तर भाषा शिकण्याचा उत्तम काळ हातचा जातो. दीड वर्षे उलटून बाळ चालत नसेल, दोन वर्षे उलटून दोन शब्द जोडत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेली गोष्ट जाऊ लागली असेल, म्हणजे बोलत होते ते बोलणे थांबले, तर शेजारच्या मुलाशी तुलना करत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. पथक येईल त्या दिवशी हे मूल हजर राहील, एवढे तरी शिक्षकाने पाहावे. पथकाच्या धावपळीत शेवटच्या रांगेतील शांत मूल सहज सुटते.

शेजाऱ्याशी नाही तर तुलना कशाशी करायची? त्याच मुलाशी, तीन महिन्यांपूर्वीच्या. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना हीच होती. प्रत्यक्षात काय झाले ते आपण सारे जाणतो. बाजारात नोंदींची तयार पुस्तिका मिळू लागली आणि ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य वर्गातील निम्म्या मुलांच्या वाट्याला आले. चाळीस मुलांच्या लांबलचक नोंदी कुणालाच जमत नाहीत. त्यापेक्षा आठवड्याला पाच मुले, प्रत्येकाची एक ओळ, तारीख घालून, आपल्या डोळ्यांनी पाहिलेली. आठ आठवड्यांत वर्ग पुरा होतो.

त्या दिवशी दुपारी ती आई लेकराला न्यायला परत आली. गुरुजींनी वर्गातील डब्यातून मूठभर चिंचोके काढून पायरीवर ठेवले आणि लेकराला म्हणाले, “मला तीन दे बरं.” त्याने तीन दिले. “आता पाच दे.” एकेक उचलून, ओठ हलवत, त्याने नेमके पाच गुरुजींच्या हातावर ठेवले. “सात?” पाच ठेवून ते थांबले, हाताकडे पाहिले, ढिगाकडे पाहिले आणि आईकडे बघून म्हणाले, “आनखी लागतेत.”

जावेच्या मुलीला सात चिंचोके देता येतात की नाही, कुणास ठाऊक. ती काही तिथे नव्हती. गुरुजींनी वहीत तारीख घातली आणि लिहिले: ‘पाचपर्यंत अचूक देतो. सात पाचापेक्षा जास्त हे कळते. नाव माहीत नाही.’ मग आईला म्हणाले, “रोज दुरडीतल्या भाकरी त्याला मोजायला लावा. सहा, सात तुम्ही म्हणा.”

“आमच्याकडं आठ-नऊ होतेत,” ती म्हणाली, आणि चिंचोके गोळा करायला खाली वाकली.